आधी डोक्यावर, मग पायाखाली

‘नव्याचे नऊ दिवस’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पूर्वीची माणसे सावकाश असावीत, म्हणून त्यांनी नवेपणाला निदान नऊ दिवसांची मुदत दिली. आज ती मुदत दोन दिवसांवर आली आहे. शिवाय तिसऱ्या दिवशी नुसता विसर पडतो असेही नाही. ज्याला डोक्यावर घेऊन नाचलो, त्यालाच पायाखाली तुडवण्याचा दुसरा कार्यक्रम सुरू होतो, आणि त्यालाही तेवढीच गर्दी जमते. गाणेबजावणे करणाऱ्या तरुण मंडळींच्या बाबतीत हे कसे घडते आणि त्यात माझा स्वतःचा हात कसा होता, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

प्रारंभीच एक गोष्ट कबूल करतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. घरी मराठी आणि गल्लीत कन्नड. संगीताचे शिक्षण मला मुळीच नाही. परंतु हा लेख गाण्यावरचा नसून गाण्याविषयी बोलणाऱ्यांवरचा आहे, आणि त्या लोकांत मी मोडतो, एवढा अधिकार मला पुरेसा वाटतो.

माझे मामा नोकरीच्या निमित्ताने बेळगावहून भोपाळला गेले आणि तिथलेच झाले. भोपाळला भेलचा, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा, प्रचंड कारखाना आहे. या कारखान्याच्या पाठीमागे देशभरातील माणसे तेथे येऊन स्थायिक झाली; त्यात मराठी कुटुंबेही आली. मामांचा मुलगा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला मी दादा म्हणतो. त्याचे मराठी अर्धे हिंदीत बुडालेले आहे, परंतु गाणे त्याच्या अंगात आहे. भेलच्या वसाहतीतील क्वार्टरमागे पत्र्याची एक खोली आहे. तिच्या भिंतींना जुन्या गाद्या टांगून तो आणि त्याचे तीन मित्र तेथे सराव करीत. एक गिटार, एक बेस, एक ड्रम आणि एक ढोलक. स्वतः रचलेली हिंदी गाणी आणि माळव्यात घरोघर गायिली जाणारी कबीराची भजने, असा त्यांचा साठा होता. अशा मंडळींना हल्ली ‘इंडी बँड’ म्हणतात. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आश्रयाशिवाय, स्वतःच्या खिशातून पैसे घालून चालवलेला बँड, एवढाच त्याचा अर्थ.

२०२४ च्या ऑक्टोबरात त्यांच्या एका गाण्याचा तुकडा मोबाईलवर चित्रित झाला. पाठीमागे भोपाळचा मोठा तलाव, सूर्य मावळतो आहे आणि दादा कबीर गातो आहे. एका मिनिटाची ती चित्रफीत हजारो लोकांनी पाहिली. तेथील एका वर्तमानपत्राच्या पुरवणीने अर्धे पान दिले. कोणी त्यांना ‘भोपाळचा आवाज’ म्हटले, कोणी भारतीय रॉकचे भवितव्य ठरवून टाकले. इकडे बेळगावात बसून मीही मागे राहिलो नाही. आमच्या वर्गाच्या भित्तिपत्रकात मी पानभर मजकूर लिहिला. ‘इंडियन ओशन या विख्यात बँडचा वारसा आता या चौघांच्या खांद्यावर आहे’ असे माझे वाक्य होते. ते मला फार आवडले होते. दोन मित्रांनी विचारले, “तुझा भाऊ का?” आणि माझी छाती फुगली.

जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा पहिला तिकिटाचा कार्यक्रम झाला. इतकी माणसे येतील अशी अपेक्षा नव्हती. ध्वनियंत्रणा भाड्याची आणि जुनी होती. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पायाशी एक कर्णा ठेवतात, तो सुरुवातीलाच बंद पडला. त्यामुळे पहिल्या गाण्यात दादाचा सूर ढळला. समोरच्या कोणीतरी ते टिपले. त्रेचाळीस सेकंदांची ही दुसरी चित्रफीत पहिलीपेक्षा वेगाने पसरली. ज्यांनी ‘भोपाळचा आवाज’ म्हटले होते त्यांतलेच काही आता ‘भोपाळचा गोंगाट’ म्हणू लागले. कोणी म्हणाले, ही तर इंडियन ओशनची नक्कल. गंमत अशी की तीन महिन्यांपूर्वी याच साम्याला आम्ही ‘वारसा’ म्हणत होतो.

आणि मी? मी ती चित्रफीत आमच्या मित्रमंडळात पुढे पाठवली. खाली लिहिले, ‘गर्जेल तो पडेल काय!’ आणि हसण्याचे चिन्ह टाकले. का पाठवली, याचे उत्तर मी नंतर पुष्कळदा शोधले. सगळे हसत होते आणि मला त्या हसणाऱ्यांच्या बाहेर राहायचे नव्हते, याहून मोठे कारण मला सापडलेले नाही. भाऊ माझा असल्यामुळे तर मला जास्तच घाई झाली असावी. आपण फसलो नाही, हे मित्रांना दाखवायचे होते.

मे महिन्यात सुट्टीला मी गोवा एक्स्प्रेसने भोपाळला गेलो. दादाने काही बोलून दाखवले नाही. सकाळी मामीने पोहे-जिलेबी पुढे ठेवली. खाता खाता त्याने सहज विचारले, “एक सांग, तू आमची गाणी किती ऐकली रे? पूर्ण म्हणतोय मी.”

मी मनात हिशेब केला. एका मिनिटाचा एक तुकडा आणि त्रेचाळीस सेकंदांचा दुसरा. एवढ्या भांडवलावर मी एकदा एका माणसाला इंडियन ओशनच्या शेजारी बसवले होते आणि एकदा त्याला हसण्यावारी नेले होते. पूर्ण गाणे एकही नाही. मामी म्हणाली, “आधी खाऊ दे त्याला.” परंतु पोहे घशाखाली उतरेनात.

ढोलक आणि ड्रम वाजवणारा मित्र तोवर बँड सोडून गेला होता. दुसरी चित्रफीत त्याच्या घरच्या मंडळींनी पाहिली. नातेवाइकांचे फोन आले, आणि ‘लोक हसताहेत, पुरे झाले’ म्हणून त्याला इंदूरला नोकरीस पाठवण्यात आले. माझ्या एका ओळीमुळे तो गेला असे मी म्हणत नाही. त्याने ती ओळ पाहिलीही नसेल. परंतु शेकडो लोकांनी मिळून जो दगडांचा ढीग रचला, त्यातला एक दगड माझा होता.

त्या दिवसापासून मला प्रश्न पडला, की हे आमच्याच बाबतीत घडले की असे घडतच असते? शोधू लागलो तेव्हा कळले की हा रोग जुना आणि जगभरचा आहे. एकच उदाहरण देतो. अमेरिकेत इंटरनेटवर चालणारे ‘पिचफोर्क’ नावाचे संगीतविषयक नियतकालिक आहे. ते दर संगीतसंचाला दहापैकी गुण देते, आणि तेही दशांशात. फ्लोरिडा राज्यातील ‘ब्लॅक किड्स’ या नवख्या बँडने २००७ साली आपली चार गाणी लोकांना फुकट उपलब्ध करून दिली. पिचफोर्कने ८.४ गुण दिले आणि बँड एका रात्रीत गाजला. २००८ साली त्यांचा पहिला पूर्ण संच आला. त्याला याच पिचफोर्कने ३.३ गुण दिले, आणि परीक्षणाच्या जागी लेख न छापता दोन कुत्र्यांचे छायाचित्र व ‘सॉरी’ एवढाच शब्द छापला. आता महत्त्वाची गोष्ट अशी, की पहिली चारही गाणी या संचात पुन्हा ध्वनिमुद्रित होऊन आली होती. नवे ध्वनिमुद्रण फिके झाले असेल, नवी गाणी कमी प्रतीची असतील, हे मान्य करू. परंतु ज्यांनी त्या मुलांना उचलून धरले त्यांना एक परिच्छेदभर कारणे देण्याचीही गरज वाटू नये? त्या बँडचा दुसरा संच यायला २०१७ साल उजाडले.

येथे माझ्या अभ्यासक्रमातील एक साधी गोष्ट मला उपयोगी वाटते. शेअरबाजारात तेजी असो वा मंदी, दलालाला दलाली मिळतेच. खरेदी करणाराही त्याला पैसे देतो आणि घाबरून विकणाराही. त्याचा तोटा एकाच परिस्थितीत होतो : बाजार शांत असला आणि कोणीच काही विकले-घेतले नाही तर. प्रसिद्धीच्या बाजारात वर्तमानपत्रे, वाहिन्या आणि मोबाईलवरची आपली चावडी यांचे काम असेच चालते. एखाद्या बँडला चढवले तर वाचक जमतात, पाडले तरी वाचक जमतात. ‘मुले बरी आहेत, पाच वर्षे थांबून पाहू’ असे लिहिले तर मात्र कोणीच जमत नाही. म्हणून ते वाक्य कोठे छापून येत नाही, आणि बहुधा तेच वाक्य खरे असते.

मग दलाल वाईट आणि आपण भोळे, असा निष्कर्ष काढून मोकळे व्हावे का? मला तसे वाटत नाही. मोबाईल हातात आल्यापासून आपण सगळेच छोटे दलाल झालो आहोत. मला तर पैसेही मिळाले नाहीत. दोन मित्रांचे कौतुक आणि दहा मित्रांचे हसू, एवढ्या दलालीवर मी सौदा केला.

भोपाळच्या मुक्कामात दादाने मला आणखी एका प्रकरणाची आठवण करून दिली. २०१० साली ‘पीपली लाइव्ह’ हा चित्रपट आला तेव्हा मी बालवाडीत होतो, त्यामुळे तो मी आता पाहिला. अनुषा रिझवी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे चित्रीकरण भोपाळच्या शेजारच्या रायसेन जिल्ह्यातील बडवई या गावी झाले. कर्जापायी आत्महत्या करू पाहणाऱ्या नत्था नावाच्या शेतकऱ्याभोवती दूरचित्रवाणीच्या गाड्यांची जत्रा कशी जमते, आणि बातमी संपली असे वाटताच त्या गाड्या सामान बांधून कशा निघून जातात, अशी ती कथा आहे. नत्थाचे काम करणारे ओंकारदास माणिकपुरी हे हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’चे नट. या चित्रपटाच्या गाण्यांत तीन निरनिराळ्या परंपरा एकत्र आल्या होत्या. इंडियन ओशनचे रॉक, हबीबसाहेबांच्या कन्या नगीन तन्वीर यांनी गायिलेले छत्तीसगढी लोकगीत, आणि बडवईच्या भजनी मंडळींनी रघुवीर यादव यांच्यासोबत गायिलेले महागाईवरचे गाणे.

गाजले ते शेवटचे. त्या वर्षी महागाई खरोखरच भडकली होती. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच ते गाणे सर्वत्र झाले. राजकीय पक्षांच्याही ते तोंडी आले. खेड्यातल्या पेटी-ढोलकवाल्या माणसांना एकाएकी देशाचा आवाज ठरवण्यात आले. पुढे मंडळींनी मोबदला फार कमी मिळाल्याची तक्रार केली, तेव्हा त्याचीही बातमी झाली. कालपर्यंत निरागस वाटणारे गायक आज पैशाचे बोलतात म्हणून नाके मुरडणारेही निघाले. अखेर निर्मात्यांकडून मंडळींना आणखी रक्कम मिळाली, आणि मग कॅमेरे दुसरीकडे वळले. चित्रपटात नत्थाच्या दारी जे घडले तेच थोड्या फरकाने त्याच्या गाण्याच्या दारी घडले. ज्या कलाकृतीने प्रसिद्धीच्या जत्रेची थट्टा केली, तिलाही जत्रेने सोडले नाही. परंतु एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. भजनी मंडळी कॅमेऱ्याच्या आधीही गात होती. त्यांचे गाणे बातमीने जन्मले नव्हते, म्हणून बातमी संपल्याने ते संपण्याचेही कारण नव्हते.

हा फरक समजून घेण्यासाठी पुन्हा एकदा आमच्या लेखाकर्माच्या पुस्तकाकडे वळतो. वाणिज्येतर वाचकांनी क्षमा करावी. धंद्याच्या नावलौकिकाला आमच्याकडे ‘ख्याती’ म्हणतात, आणि ती एक मालमत्ता मानली जाते. परंतु तिच्यासंबंधी दोन नियम आहेत. पहिला असा, की ख्यातीचे मूल्य काढताना एका वर्षाचा नफा पाहत नाहीत. मागील काही वर्षांच्या नफ्याची सरासरी धरतात. दुसरा नियम अधिक कडक आहे. लेखांकन मानक २६ प्रमाणे, धंद्याने आपली आपण निर्माण केलेली ख्याती पुस्तकात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. कोणी तिच्यासाठी खरोखर किंमत मोजली असेल, तरच ती जमेस धरायची. हा नियम शिकताना मला कोरडा वाटला होता. आता वाटते, की त्यात मोठे शहाणपण आहे. दादाच्या बँडच्या नावावर आम्ही ऑक्टोबरात जी ख्याती लिहिली, तिच्यामागे ना काही वर्षांचे काम होते, ना आम्ही कोणी एक रुपया मोजला होता. आणि जानेवारीत आम्ही ती ख्याती बुडाली म्हणून ओरड केली. जी मालमत्ता त्या मुलांनी कधी मागितलीच नव्हती, ती बुडवल्याचा दोष मात्र त्यांच्या खाती पडला.

याउलट ज्या इंडियन ओशनचे नाव मी एवढ्या स्वस्तात वापरले, त्यांचा हिशेब पाहा. १९९० साली दिल्लीत हा बँड सुरू झाला. पहिला संच १९९३ साली, दुसरा ‘डेझर्ट रेन’ १९९७ साली, आणि ज्याने त्यांचे नाव सर्वदूर झाले तो ‘कंदिसा’ २००० साली. म्हणजे दहा वर्षे गेली. त्यातील ‘मा रेवा’ हे नर्मदेचे गाणे नर्मदेच्या खोऱ्यातून आलेले. बँडमधील राहुल राम हे नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले गृहस्थ, त्यामुळे ते गाणे त्यांनी बाजारात नव्हे तर नदीकाठी ऐकले होते. २००३ च्या ‘झीनी’ या संचात त्यांनी कबीर गायिला. डिसेंबर २००९ मध्ये त्यांचे गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती वारले. पुढच्याच वर्षी ‘पीपली लाइव्ह’ आला, आणि त्याच वर्षी आपला नवा संच त्यांनी महिन्याला एक गाणे याप्रमाणे लोकांना इंटरनेटवर फुकट देण्यास सुरुवात केली. २०१३ साली संस्थापकांपैकी सुस्मित सेन बाहेर पडले, तरी बँड थांबला नाही. असा बँड आवडणे किंवा न आवडणे हा ज्याच्या त्याच्या रुचीचा प्रश्न आहे. परंतु त्याची ख्याती सरासरीने काढलेली आहे, एका संध्याकाळच्या सूर्यास्तावर नव्हे.

नया थिएटरची गोष्ट याहून जुनी. हबीब तन्वीर यांनी १९५९ साली ही संस्था काढली आणि छत्तीसगढच्या खेड्यांतील नाचा कलावंत घेऊन ‘चरणदास चोर’ उभे केले ते १९७५ साली. १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्या नाटकाला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. परदेशी कौतुक झाले म्हणून मंडळी तेथे थांबली नाहीत. परत येऊन पुन्हा प्रयोग करीत राहिली, आणि पुढे भोपाळ हेच संस्थेचे घर झाले. हबीबसाहेबांनी २००९ साली भोपाळातच देह ठेवला, तोपर्यंत त्यांचे काम चालू होते.

आमच्या मासिकाच्या कन्नड विभागातील मित्रांना या ठिकाणी शिशुनाळ शरीफ आठवतील. १८८९ साली निवर्तलेल्या या संतकवीची पदे धारवाड-हावेरीकडे भजनात चालत आली. सी. अश्वथ यांच्या आवाजाने ती कर्नाटकभर घरोघर पोचली, आणि २००८ साली रघु दीक्षित यांनी त्यातली काही पदे गिटार घेऊन गायिली. तेव्हा ‘पदे बाटवली’ म्हणणारे होते, तसेच ‘पदांना नवा जन्म दिला’ म्हणणारेही होते. शरीफसाहेबांना या दोन्ही मतांची गरज नव्हती. माळव्यातही हेच दिसते. उज्जैन जिल्ह्यातील लुनियाखेडीचे प्रह्लादसिंग टिपानिया हे शाळामास्तर. वर्षानुवर्षे तंबुऱ्यावर कबीर गात राहिले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईचा ‘नीरज आर्याज कबीर कॅफे’ हा बँड तेच भजन गिटारीवर गातो. दादाच्या चौघांनीही हाच ओढा धरला होता. ज्या गाण्याला शतकांची ओल आहे त्याचा निकाल आम्ही मिनिटात लावायला निघालो होतो.

यावर कोणी म्हणेल, की प्रसिद्धीच नको असे तुझे म्हणणे आहे काय? भोपाळसारख्या ठिकाणच्या मुलांना कोणी उचलून धरले नाही तर त्यांना विचारणार कोण? हा आक्षेप योग्य आहे. मुंबई, दिल्ली, बंगळूर येथे जन्म न घेणाऱ्याला थोडा आवाज करावाच लागतो, हे बेळगावच्या माणसाला तरी सांगायला नको. परंतु आवाज करण्याचेही दोन प्रकार आहेत. ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे भारतीय रॉकला वाहिलेले मासिक १९९३ साली सुरू झाले ते मुंबईत नव्हे, अलाहाबादेत. अमित सैगल आणि शीना गमाट यांनी ते काढले. गावोगावच्या अनोळखी बँडविषयी ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले, स्पर्धा आणि महोत्सव भरवीत राहिले. ज्याच्याविषयी आज लिहिले त्याच्याविषयी पुढेही लिहावे लागणार आहे, हे ज्याला ठाऊक असते तो शब्द जपून वापरतो. जत्रेतल्या माणसाला उद्या तेथे यायचे नसते, म्हणून तो काहीही ओरडतो.

दुसरा आक्षेप असा, की मग वाईट गाण्याला वाईट म्हणायचेच नाही काय? अवश्य म्हणावे. तिकीट काढून आलेल्या माणसाला बेसूर गाणे ऐकावे लागले तर त्याने तक्रार करणे हा त्याचा हक्क आहे, आणि दादाही तो नाकारत नाही. “सूर गेला होता, हे खरंच आहे,” असे तोच मला म्हणाला. परंतु त्या रात्री शेवटपर्यंत थांबलेली एक बाई त्याला नंतर भेटली. दुसऱ्या गाण्यापासून तुम्ही सावरलात, आणि चौथे तर फार रंगले, असे तिने सांगितले. तिने टीका केली आणि कौतुकही केले, आणि दोन्हींचा तिला अधिकार होता, कारण तिने दोन तास दिले होते. माझ्याजवळ त्रेचाळीस सेकंद होते. टीकाकाराला अधिकार विद्वत्तेने येत असेलच, पण त्याआधी तो ऐकण्याने येतो, असे मला आता वाटते.

म्हणून माझ्यासारख्या विद्यार्थ्यांपुढे मी तीन साध्या गोष्टी ठेवतो. पहिली, पूर्ण गाणे ऐकल्याशिवाय त्याविषयी दोन ओळी लिहू नयेत; बऱ्याही नाहीत, वाईटही नाहीत. दुसरी, ज्याची स्तुती करावयाची त्याचे तिकीट काढावे. फुकटची स्तुती ही फुकटच्या निंदेची सख्खी बहीण आहे. तिसरी, आपले मत बदलले तर ज्या जागी पहिले मत मांडले त्याच जागी कारणांसह दुसरे मांडावे. मत बदलणे हा गुन्हा नाही, परंतु आपले पहिले मत जणू कधी नव्हतेच असे वागणे ही अप्रामाणिक हिशेबनिसी आहे. खतावणीत चुकीची नोंद झाली तर पान फाडायचे नसते. दुरुस्तीची नोंद करावयाची असते.

ही तिसरी गोष्ट मी स्वतः केली. कॉलेज उघडल्यावर त्याच भित्तिपत्रकात त्याच जागी मी दुरुस्ती लावली. ऑक्टोबरचा लेख मी एका मिनिटाच्या आधारे लिहिला होता आणि जानेवारीतील थट्टा त्याहून कमी आधारावर, असे त्यात नमूद केले. पहिल्या लेखाएवढी गर्दी तिच्यापुढे जमली नाही. ते अपेक्षितच होते.

भोपाळहून निघण्याच्या आदल्या दुपारी दादाने मला त्या पत्र्याच्या खोलीत नेले. मे महिन्याची दुपार. आवाजात खरखर येते म्हणून पंखाही बंद. आता ते तिघेच उरले आहेत. ढोलक कोपऱ्यात कापडात बांधून ठेवले होते. त्यांनी मला एकामागून एक सगळी गाणी ऐकवली. माझे प्रामाणिक मत सांगायचे तर चार गाणी मला चांगली वाटली, तीन साधारण, आणि दोहोंत इंडियन ओशनची छाया अजून फार दाट आहे. मी तसे सांगितले. त्या दोहोंपैकी एकाविषयी आमचा बराच वाद झाला, आणि तो वाद मला भित्तिपत्रकातील त्या पानभर स्तुतीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

हे सारे मासिकात लिहू का, असे मी त्याला फोनवर विचारले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “लिही ना. पण चांगली आहेत की खराब, ते राहू दे. किती ऐकली, तेवढं लिही.”

नऊ ऐकली.